शिमोन म्हणे

हृषिकेश गाडीची किल्ली घेऊन दाराशी उभा होता आणि दादा त्याला जाऊ देत नव्हता.

"फोन करा त्यांना, जावईबापू," सोफ्यावरून न उठता दादा म्हणाला. "म्हणावं, आज घरी मलिदा आहे, घरचीच माणसं आहेत. पुन्हा कधीतरी या."

"मामा, त्या सकाळी सातच्या गाडीने हॅम्बर्गहून निघाल्यात. आत्ता एस-बानच्या लोकलमध्ये असतील. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला मी काय बॉबलिंगेनच्या स्टेशनावरून परत पाठवू?"

"मी सत्त्याहत्तरचा आहे. मीही इस्राएलमधून, अश्दोदहून आलोय. मला कुणी विचारलं?"

मनोरमा स्वयंपाकघरात पोहे निथळत ठेवत होती. तिला इथून दादाचं टक्कल आणि सोफ्याच्या दांड्यावर ठेवलेला हात तेवढा दिसत होता. बोटं दांड्यावर वाजत होती. दादा चिडला की पहिल्यापासून त्याचा आवाज खाली जायचा आणि बोटं हलायची.

"हृषिकेश, तुम्ही निघा," ती आतूनच म्हणाली. "पाऊस आहे. छत्री घ्या."

जावई सासूचं ऐकतो हे दादाला माहीत होतं. दार लागलं तेव्हा त्याने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. बहात्तर वर्षांत तिने त्याचा शब्द असा चारचौघांत मोडल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं.

कोकणातल्या इस्राएली, म्हणजे यहुदी घरांत शुभकार्याला करतात त्या मलिद्याचं ठरलं होतं ते दादाच्याच आग्रहाने. बाबांची, म्हणजे अलिबागच्या शिमोन मास्तर झिराडकरांची सगळी गाणी आणि कीर्तनं एका जाड पुस्तकात एकत्र होत होती. अश्दोदमधल्या मंडळींनी दोन वर्षं खपून ते उभं केलं होतं आणि सोमवारी ते छापायला जायचं होतं. बाबांच्या मागे दोनच मुलं उरली होती. दुसरीची, म्हणजे मनोरमाची, संमतीची सही हवी म्हणून दादा शेवटची मुद्रितं घेऊन स्वतः आला होता. सही झाली की एलियाहू हन्नबीचं, त्या प्रेषिताचं, नाव घ्यायचं, मलिदा वाटायचा आणि मंगळवारच्या विमानाने परत जायचं. गुळाचे पोहे, खोबरं, वेलची, खजूर, पाच फळं असं सगळं मनोरमाच्या लेकीने, शुभाने, कालच आणून ठेवलं होतं. नारळ मात्र गोठवलेला, एशिया-शॉपमधला.

आणि काल रात्री जेवताना शुभाच्या मुलीने, तनयाने, सांगितलं होतं, "उद्या दुपारी फ्राउ हाल्बर येतायत."

हाल्बर हे नाव दादा आणि मनोरमा यांच्यात साठ वर्षांत उच्चारलं गेलं नव्हतं.

"तू मामाला आधीच विचारायला हवं होतंस," शुभा आता लेकीला बजावत होती. आवाज दबका, कारण मामा चार पावलांवर. "मामा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आला. हिंदू घरात दिली म्हणून पंधरा वर्षं माझ्याशी धड बोलला नाही तो. आता कुठे..."

"आई, गेनाऊ, नेमकं त्यासाठीच," तनया म्हणाली. "सोमवारी पुस्तक छापलं की संपलं. नाखहेर इस्ट त्सू श्पेट." मग आजीकडे वळून तिने मराठीत सांगितलं, "नंतर उशीर होईल, आजी."

तनया चोवीस वर्षांची. हायडेलबर्गला ती जुनी हिब्रू हस्तलिखितं वाचायला शिकत होती. पणजोबांच्या गाण्यांमुळेच ती त्या वाटेला गेली होती. गेल्या हिवाळ्यात एका चर्चच्या प्रार्थनापुस्तकाचा पुठ्ठा उसवताना आत चामड्यावर लिहिलेलं एक हिब्रू पान सापडलं. जुन्या काळी लुटून आणलेल्या ग्रंथांची पानं बुकबाइंडर अशी पुठ्ठ्यात कोंबत. त्या पानावर एका कवितेची तीन कडवी होती. तिसरं कडवं वाचताना तनयाला ते पाठ असल्याचं लक्षात आलं. मराठीत पाठ होतं.

*जळाली कवाडें, जळाले पुस्तक,*
*अक्षर निःशंक, उडे वर.*

उपासाच्या संध्याकाळी कोकणातल्या प्रत्येक इस्राएली घरात ते म्हटलं जाई. मनोरमाने ते शुभाला शिकवलं, शुभाने तनयाला. शेवटच्या कडव्यात बाबांची नाममुद्रा होती:

*शिमोन तो म्हणे, घर जळो देवा,*
*परी माझा ठेवा, राखी नाम.*

दादा उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. तनयाने टेबलावर ठेवलेली पानाची छायाचित्रं त्याने बोटाने बाजूला सारली.

"हा कोण म्हणतेस तू? याकार?"

"हो, आजोबा. राईन नदीकाठचा रब्बी, धर्मगुरू. आठशे वर्षांपूर्वीचा. गाव पेटवलं तेव्हा हा बाहेर होता म्हणून वाचला. बघा, कडव्यांची पहिली अक्षरं. योद, कोफ, रेश. याकार. पुढच्या कडव्यांत बापाचं नाव असणार, पण ती कुणाकडेच नाहीत. फक्त आपल्याकडे आहेत, मराठीत. नऊच्या नऊ."

"म्हणजे बाबांनी ते जिवंत ठेवलं. मग तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. पुस्तकात 'शिमोन झिराडकर यांची स्वतंत्र रचना' असं छापलंय. पान दोनशे चौदा."

"भाषांतर करणारा कवी नसतो?"

"असतो की. मग भाषांतर म्हणा. आणि शिमोनपणजोबांना हिब्रूतलं हे कुणी समजावलं तेही म्हणा."

दादा बहिणीकडे वळला. "मनू, हिला सांग. बाबांचं नाव घेऊन आपल्यातली किती माणसं तिकडे उभी राहिली. आम्ही गेलो तेव्हा तिथले रब्बी आम्हाला विचारत होते, तुम्ही खरे यहुदी कशावरून? तेव्हा आम्ही काय दाखवलं? बाबांची गाणी दाखवली. आमच्यातही विद्वान होते, कवी होते, हे दाखवायला आमच्याकडे एकच माणूस होता. आता ही पोरगी म्हणते तोही उसना."

हे खरं होतं, आणि मनोरमाला ते माहीत होतं. म्हणूनच ती इतकी वर्षं गप्प राहिली होती.

"दादा, डॉक्टर आपल्या मागच्या खोलीत तीन वर्षं राहिले," ती म्हणाली. "मी त्यांच्या मांडीवर बसून हिब्रू मुळाक्षरं शिकले. त्यांना मी काय विसरू?"

डॉक्टर एमिल हाल्बर औषधांचे डॉक्टर नव्हते, पुस्तकांचे होते. आळीतल्या लोकांना ते पटत नसे. तापाने फणफणलेली पोरं घेऊन बाया पडवीत येत आणि डॉक्टर संकोचून हात जोडत. जर्मनीतून जीव घेऊन मुंबईला आलेला हा माणूस लढाई सुरू होताच जर्मन म्हणून इंग्रजांनी डांबला. हिटलरनेच हाकललेला आहे हे त्यांना पटायला आठ महिने लागले. सुटल्यावर कुणीतरी त्यांना अलिबागला शिमोन मास्तरांकडे पाठवलं. त्यांची सारी टिपणं जळाली होती. जे होतं ते डोक्यात. संध्याकाळी पडवीत बसून ते बाबांना त्या जुन्या कवींबद्दल सांगत: कोणी राजाचा वैद्य, कोणी द्राक्षाच्या मळ्याचा मालक, कोणी मसाल्याचा व्यापारी, आणि सगळे रात्री दिव्यापाशी देवाशी भांडणारे. ते आपलं नाव कडव्यांच्या पहिल्या अक्षरांत लपवत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाबा हसले होते. "आमचे संत शेवटी नाव सांगतात," ते म्हणाले होते. "तुमचे दारात पाटी लावतात, आमचे निघताना वळून सांगतात."

मनोरमा तेव्हा सहा वर्षांची होती. ते वाक्य कायमचं तिच्या ध्यानात राहिलं.

तेवढ्यात खाली दाराची बेल वाजली.

आजीकडून नाव कळल्यावर तनयाने शोधून काढलेली डॉक्टरांची मुलगी रूथ हाल्बर ठेंगणी होती आणि काठी टेकत तीन जिने लिफ्टशिवाय चढून आली होती. तिने ओला रेनकोट स्वतःच खुंटीला लावला, सगळ्यांशी हात मिळवला आणि मनोरमाचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. दादाने उठून हात मिळवला, मग तो खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला, टेबलापासून लांब. शुभाने कॉफी आणली. हृषिकेश मधल्या स्टुलावर बसला, कुणाच्याच बाजूचं नसल्यासारखा.

रूथ जर्मनमध्ये बोलत होती आणि तनया वाक्यागणिक मराठीत सांगत होती.

"त्या म्हणतात, दहा वर्षांच्या असताना त्यांना मुलांच्या आगगाडीतून इंग्लंडला पाठवलं. आई इथेच राहिली. आईचं काय झालं ते त्यांना कागदोपत्री कळलंय. वडिलांचं नाही कळलं. शेवटचं पत्र बेचाळीसच्या सप्टेंबरचं, अलिबागहून. त्यात होतं, मी इथे एका शिक्षकाच्या घरी आहे, आणि मी त्यांना याकार शिकवतोय."

शुभाने दादाकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर पाहत होता.

"त्या विचारतात, ते गाणं ऐकायला मिळेल का."

मनोरमानेच सुरुवात केली, हळू, बाबांच्या चालीत. दुसऱ्या कडव्याला शुभाने आवाज मिसळला. रूथ मान खाली घालून ऐकत होती. गाणं संपलं. मग तिने जे सांगितलं ते तनयाने लगेच मराठीत आणलं नाही, आधी ती एक घोट पाणी प्यायली.

"त्या म्हणतात, सुंदर आहे, पण मी कवितेसाठी आले नाही. कवितेचं तुम्ही घरातले ठरवा. माझे वडील कसे गेले आणि ते कुठे आहेत, एवढं मला सांगा."

"विषमज्वर झाला होता," मनोरमा म्हणाली. "तेरा दिवस. बाबा रात्रंदिवस जवळ होते. शेवटी शेवटी डॉक्टर फक्त जर्मन बोलत, आम्हाला कळत नसे. पण तुमचं नाव कळायचं. रूथ, रूथ असं म्हणत. अलिबागच्या आमच्या कब्रस्तानात त्यांना ठेवलंय, माझ्या आजीच्या शेजारी."

तनया सांगत असताना रूथने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिचा स्वर बदललेला होता. वाक्यं छोटी झाली होती.

"त्या म्हणतात, सत्तेचाळीस साली मी तुमच्या वडिलांना दोन पत्रं लिहिली. लंडनहून. दोन्ही इंग्रजीत. दोन्हींना उत्तर आलं नाही. का?"

"सांग तिला, ते वर्ष फाळणीचं होतं," दादा खिडकीकडूनच म्हणाला. "डाकेचे हाल होते. गहाळ झाली असतील."

तनयाने तोंड उघडलं आणि आजीकडे पाहिलं.

मनोरमाचे हात पोह्यांच्या गुळाने अजून चिकट होते. तिने ते पदराला पुसले. "ते सांगू नकोस, तनया. पत्र आलं होतं. लंडनचं तिकीट होतं, राजाचं. मी बारा वर्षांची होते, पोस्टमनच्या हातून मीच घेतलं."

"मनू," दादा म्हणाला.

"मी बाबांच्या हातात दिलं. ते वाचताना रडले, मी पाहिलं. आणि तरी त्यांनी उत्तर धाडलं नाही. का ते मला तेव्हाच कळलं. आधी पोलिसांच्या भीतीने जर्मनाचं नाव गाण्याखाली घातलं नव्हतं, पण आता भीती सरली होती. गाणं मात्र गावोगाव गेलं होतं. उत्तर लिहिलं तर गाणं कुणाचं तेही लिहावं लागलं असतं." तिचा आवाज चढला नाही, पण शुभाने पुढे होऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या दिवसापासून मी बाबांच्या कीर्तनाला बसले नाही. ते गेले तेव्हाही माझ्या मनात तेच होतं. हे सगळं सांग यांना. एकही शब्द गाळू नकोस."

तनया जर्मनमध्ये सांगू लागली. तिचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत दादा उठला.

"बाबांना नाव ठेवू नकोस," तो म्हणाला. "इतकी वर्षं तू हे मनात धरून होतीस?"

"मग काय धरायचं?"

"बाबांना इंग्रजी वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. चार ओळीसुद्धा. आठवतंय? शाळेची सगळी इंग्रजी पत्रं मी लिहायचो. त्या रात्री त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, लिही तिला. कसे गेले ते लिही, कुठे ठेवलं ते लिही. आणि लिही की गाणं तुझ्या वडिलांनी दिलं, त्यांच्या याकारचं आहे, मी फक्त मराठी कपडा चढवला. पुढच्या छपाईत दोघांची नावं घालतो असंही लिही."

हृषिकेश स्टुलावरून अर्धवट उठला होता, तसाच राहिला.

"मी लिहिलं," दादा म्हणाला. "पोस्टात टाकलं नाही. सतरा वर्षांचा होतो. त्या महिन्यात मुंबईहून मंडळी आली होती बाबांचा सत्कार करायला. आपल्या आळीतल्या मास्तराला कुणी विद्वान म्हणण्याची ती पहिली वेळ. मला ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. बाबांना सांगितलं, टाकलं. दुसरं पत्र आलं ते मी त्यांच्यापर्यंत पोचूच दिलं नाही."

मनोरमा खुर्चीत बसली. कीर्तनात ते गाणं घेण्याआधी बाबा नेहमी म्हणत, हे बोल माझे नाहीत, मी नुसता हमाल. श्रोते माना डोलवत, मास्तरांचा केवढा विनय म्हणत. भिंतीपलीकडे बसून तीही ते ऐकायची आणि मनात म्हणायची, ढोंगी. जो माणूस दर वेळी खरं बोलत होता त्याला तिने एकवीस वर्षं ढोंगी म्हटलं होतं.

"आजोबा," तनया चाचरत म्हणाली, "हे मी... हे मी सांगू?"

"नको. माझं मी सांगतो."

तो टेबलापाशी आला आणि रूथच्या समोर उभा राहून इंग्रजीत बोलू लागला, सावकाश, शाळेत धडा म्हणावा तसा. काही लपवलं नाही. पोस्टात न टाकलेलं पत्र परसातल्या चुलीत जाळलं तेही सांगितलं. रूथ त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत होती.

"तुमचे वडील कधी वारले?" तिने विचारलं.

"अडुसष्ट साली."

"म्हणजे एकवीस वर्षं ते माझ्या उत्तराची वाट पाहत होते."

"हो. म्हणायचे, पोरगी रागावली असेल. तिचा हक्क आहे."

रूथने काठी शोधली. हृषिकेशने ती उचलून दिली. ती उठली, खुंटीपर्यंत गेली आणि रेनकोटाची एक बाही चढवली. शुभा रडू लागली होती. मनोरमाला वाटलं उठावं, काही बोलावं. पण ज्या शब्दाने हे सावरेल तो तिला कुठल्याच भाषेत येत नव्हता.

दुसऱ्या बाहीत हात न घालताच रूथ वळली.

"तारीख," ती म्हणाली. "कुठल्या दिवशी गेले? मी सप्टेंबरात दिवा लावते, शेवटच्या पत्राच्या दिवशी. दुसरी तारीख माझ्याकडे नव्हती."

"किस्लेव महिन्याची एकवीस," दादा लगेच म्हणाला.

"इतकं नक्की कसं माहीत?"

"बाबा दर वर्षी त्या दिवशी त्यांच्यासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणत. मुलाने बापासाठी म्हणावी तशी. ते गेल्यावर मी म्हणतो. एकोणचाळीस वर्षं झाली."

"तुम्ही?" रूथच्या आवाजाला धार आली. "तुम्ही का?"

"तेवढंच करता येत होतं," दादा म्हणाला.

रूथ तशीच उभी राहिली, एक बाही अंगात, एक लोंबत. मग टेबलाकडे परत आली आणि बसली. "माफीचं माझ्याशी बोलू नका," ती म्हणाली. "आज नको. कदाचित कधीच नको. पण ती तारीख लिहून द्या. हिब्रूत."

दादाने खिशातून पेन काढलं. कागद म्हणून हाताला आलं ते मुद्रितातलं वरचंच पान, बाबांचं नाव मोठ्या अक्षरांत असलेलं. त्याने ते उलटं केलं आणि पाठीवर तारीख लिहिली. एक अक्षर बिघडलं. ते खोडून त्याने पुन्हा काढलं.

"दादा," मनोरमा म्हणाली, "मी सही करणार नाही. या पुस्तकावर नाही."

"मीही ते असं छापणार नाही," तो मान वर न करता म्हणाला. "उद्या सकाळी फोन करतो. तिकडे लोक काय म्हणतील ते म्हणू देत." मग पेन हातातच ठेवून त्याने रूथकडे पाहिलं. "मलाही तुम्हाला एक विचारायचंय. त्या पत्रात बाबांनी विचारायला सांगितलं होतं. डॉक्टरांच्या कबरीवर दगड आहे. त्यावर हिब्रूत माणसाचं नाव आणि पुढे 'बेन', म्हणजे अमक्याचा मुलगा, असं लिहायची आमची रीत. पण त्यांच्या वडिलांचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी 'एमिल बेन' एवढंच कोरून घेतलं आणि पुढची जागा कोरी ठेवली. म्हणाले, मुलगी कळवेल तेव्हा भरू."

भाषांतराची गरज नव्हती; तनयाने आजीचा हात घट्ट धरला. मनोरमा त्या कबरीवर कितीदा गेली होती. ती कोरी जागा तिने पाहिली होती आणि पाथरवटाने काम अर्धवट टाकलं असं समजून चालली होती.

रूथने कागद स्वतःकडे ओढला, दादाच्या हातातून पेन घेतलं आणि तारखेखाली लिहिलं. लिहून झाल्यावर तिने ते मोठ्याने वाचलं, आधी एकदा, आणि दादाला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा.

"योसेफ," ती म्हणाली. "माझ्या आजोबांचं नाव योसेफ."